वाचक विचारतात : गेम खेळणाऱ्या एआयचं रेडिओ दुर्बिणीत काय काम?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही नारायणगावचे, खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या डिश कायम बघतो. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला रीइन्फोर्समेंट लर्निंग (करून बघत, बक्षिसावरून शिकणारं एआय) आणि रेडिओ खगोलशास्त्र एकत्र करून प्रोजेक्ट करायचाय. तिचे गाइड म्हणतात ते तर गेम खेळणारं एआय, त्याचा आकाशाशी काय संबंध? खरंच कोणी असं काम करतं का, की पोरगी नुसते दोन भारी शब्द जोडतेय?

उत्तर : ताई, करतात की! नेदरलँड्समधल्या ॲस्ट्रॉन या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतले सरोद यातावत्ता हेच करतात, त्यांचा एका सहकाऱ्यासोबतचा २०२१ चा पेपर आहे, मुलीला आधी तोच वाचायला सांगा. गाइडचंही अगदीच चूक नाही म्हणा, २०१६ ला 'गो' हा पटावरचा खेळ खेळणाऱ्या अल्फागो या एआयने दिग्गज खेळाडू ली सेडोलला ४-१ ने हरवलं तेव्हापासून रीइन्फोर्समेंट लर्निंग म्हणजे गेम हे लोकांच्या डोक्यात फिट बसलंय.

पण हे एआय आकाशात काही शोधत नाही बरं का, ते बटणं फिरवतं. म्हणजे कसं, खोडद आणि आसपासच्या परिसरात ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, त्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचा सिग्नल एकमेकांशी ताडून चित्र तयार होतं. आता प्रत्येक डिशची इलेक्ट्रॉनिक्स थोडी वेगळी, वर आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) सारखं हलत असतं, त्यामुळे सिग्नल बिघडतो आणि तो दुरुस्त करायला कॅलिब्रेशन लागतं. तुमचं गाव तर तमाशाचं, फडातला ढोलकीवाला हवा बघून प्रत्येक खेळाआधी ढोलकी नव्याने लावतो ना, तसंच इथे प्रत्येक निरीक्षणाची सेटिंग वेगळी. यातावत्तांचं काम लोफार दुर्बिणीसाठी आहे, तिथे डिश नाहीत, जमिनीवर हजारो छोटे अँटेना आहेत, फ्रिक्वेन्सी खूप कमी त्यामुळे आयनोस्फिअरचा त्रास जास्त, आणि आकाशाच्या प्रत्येक दिशेला चूक वेगळी. मग कुठल्या दिशेला दुरुस्ती किती सैल सोडायची किती आवळायची हे जाणकार माणूस हाताने ठरवायचा, चालवून बघायचा, परत बदलायचा. हजारो निरीक्षणं असल्यावर कोण बसणार?

तिथे एजंट, म्हणजे हे शिकणारं एआय, आणला. तो सेटिंग सुचवतो, कॅलिब्रेशन चालतं, निकाल बरा आला तर बक्षीस. यातली सेटिंग म्हणजे बुद्धिबळासारख्या मोजक्या चाली नाहीत, सलग बदलणारे आकडे आहेत, म्हणून टीडी३ आणि सॉफ्ट ॲक्टर-क्रिटिक या पद्धती वापरल्या, ज्या एरवी सिम्युलेशनमधल्या रोबोटला चालायला शिकवताना दिसतात.

खरी गोम बक्षिसात आहे आणि गाइडना हेच सांगा. "नॉइज (चित्रातली नको ती खरखर) कमी झाला की बक्षीस" एवढंच ठेवलं तर एजंट लबाडी करणार, कारण दुरुस्ती जास्तच सैल सोडली की नॉइज तर कमी होतो पण त्याबरोबर अंधुक, आधी गृहीत धरलेल्या आकाशाच्या मॉडेलमध्ये नसलेल्या स्रोतांचा सिग्नलही गिळला जातो. चित्र एकदम स्वच्छ दिसतं आणि जे शोधायला बसलो तेच गायब! म्हणून उरलेल्या नॉइजसोबत मूळ डेटा जरासा हलला तर निकाल किती हलतो हेही बघतात, त्यावरून दुरुस्ती अति झाली का ते कळतं. माझ्या मते त्या पेपरात भारी गोष्ट हीच आहे, न्यूरल नेटवर्क वगैरे काय आता सगळेच लावतात.

पुढे २०२३ च्या आसपास त्यांनी अजून एक केलं, एजंटला शून्यापासून चाचपडायला लावण्यापेक्षा जुन्या ठोकताळ्यांतून "हिंट" द्यायची, ती त्याने तंतोतंत पाळायची नाही पण फार लांबही जायचं नाही. कमी प्रयत्नांत शिकणं होतं.

मुलीने मात्र एकदम खऱ्या डेटाला हात घालू नये. आधी सिम्युलेशन करावं, तिथे खरं आकाश आपल्याला माहीत असतं त्यामुळे एजंटने काय गिळलं ते लगेच पकडता येतं. दोनच बटणं ठेवावीत, आणि त्या बटणांच्या सगळ्या सेटिंग सरळ एकेक करून तपासण्यापेक्षा एजंट खरंच वेळ वाचवतो का ते मोजावं, नाही वाचवला तर तसं रिपोर्टात लिहावं, चालतं. पुण्यातच जीएमआरटी चालवणारी एनसीआरए संस्था आहे, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेसोबत ते कॉलेजच्या पोरांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची विंटर स्कूल घेतात, त्याचा फॉर्म नक्की भरायला सांगा. आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडद लोकांसाठी खुलं असतं, तेव्हा तिथल्या इंजिनिअर मंडळींना गाठून आयनोस्फिअर कुठल्या वेळी जास्त छळतं ते विचारावं, सिम्युलेशनमध्ये तेच घालता येईल.