फॉस्फेटच्या टाकीपाशी बी.एस्सी.चं काम

प्रश्न : रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालो. दीड वर्षापासून वाळूजला, दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटदाराकडून लाईन इन्स्पेक्टर आहे. दिवसभर व्हर्निअरने भागांची मापं घ्यायची. डिप्लोमा नाही म्हणून पुढे घेत नाहीत. शिक्षण वाया गेलं असं समजून मेकॅनिकल डिप्लोमाला बसू का?
– एक वाचक, भोकरदन

उत्तर : इतक्यात फी भरू नका. व्हर्निअरवर डिप्लोमावाला तुमच्या पुढेच राहणार, तो ड्रॉइंग शिकून आलेला असतो. पण रंगाआधी पत्रा जिथे धुतला जातो, त्या फॉस्फेटिंगच्या (पत्र्यावर फॉस्फेटचा थर चढवण्याच्या) टाक्यांपाशी तो तुम्हाला विचारेल.

तिथलं रोजचं काम तुमच्या जर्नलमधलंच आहे. बाथचा, म्हणजे टाकीतल्या द्रावणाचा, 10 मिली नमुना घ्यायचा, 0.1 नॉर्मल कॉस्टिक सोड्याने टायट्रेशन करायचं. इंडिकेटर म्हणून फ्री अॅसिडसाठी (मोकळं आम्ल) ब्रोमोफिनॉल ब्लू, टोटल अॅसिडसाठी (एकूण आम्ल) फिनॉल्फ्थॅलिन. जितके मिली लागले तितके ‘पॉइंट’. किती पॉइंट हवेत ते केमिकल पुरवणाऱ्याच्या तक्त्यात असतं. कॉस्टिक लिटरला 4 ग्रॅम. पण ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नका, ऑक्झॅलिक अॅसिडने ताकद तपासा.

फ्री अॅसिड उतरलं की फॉस्फेट पत्र्यावर न बसता टाकीतच गाळ होऊन बसतं. चढलं की लोखंड विरघळत राहतं आणि थर विरळ येतो. उतरण्याचं एक नेहमीचं कारण आधीच्या टाक्यांत सापडतं : डिग्रीझिंगचं (तेल-ग्रीस काढणारं) द्रावण अल्कली असतं, मधली पाण्याची टाकी वाहती ठेवली नाही तर ते भागांबरोबर पुढे येतं. ऑपरेटर मात्र डोळे झाकून केमिकल ओततो. शेवटच्या धुण्याला बोअरचं खारं पाणी वापरलं, तर क्षार रंगाखाली अडकतात आणि पुढे फोड येतात. रंगाला दोष देण्याआधी पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजा.

मिठाच्या फवाऱ्यात भाग किती गंजतो ते पाहणारी सॉल्ट स्प्रे चाचणीही शिकून घ्या : 5 टक्के मीठ, 35 अंश, जमा झालेल्या द्रावणाचा पीएच 6.5 ते 7.2. घरचं आयोडिनवालं मीठ चालत नाही.

सुपरवायझरकडे पेंट शॉप किंवा प्लेटिंगच्या लॅबमध्ये बदली मागा. महिनाभर शिफ्ट संपल्यावर तासभर तिथे उभं राहायची तयारी दाखवा. आणि कंत्राटदाराच्या दाखल्यावर हुद्दा काय लिहिलाय ते आजच बघा. पदवी लपवून ‘हेल्पर’ म्हणून लागलेल्यांचा अनुभव पुढे हेल्परचाच धरला जातो.

प्रश्न : एम.ए. इतिहास आहे, पतसंस्थेत क्लार्क. कॉमर्स नसताना बढती कशी मिळेल?
– एक वाचक, बीड

उत्तर : सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) परीक्षा द्या. कुठल्याही शाखेची पदवी चालते, पेपर सहा. सहकाराचा इतिहास आणि कायदा तुम्हाला वाचून जमेल. गाडी अडेल ती अकाउंट्सला. त्यासाठी क्लास लावण्याआधी संस्थेची किर्द, खतावणी आणि महिन्याची तेरीज (ट्रायल बॅलन्स) स्वतः जुळवून पाहा.