घरच्या बागेत काकडी कधी आणि कशी लावावी?

तारखेपेक्षा माती बघा. काकडीला थंडी अजिबात सोसत नाही. माती २० अंशांच्या आसपास तापली आणि रात्रीचा गारठा गेला, की बी लावा. थंड, ओल्या मातीत ते कुजतं.

रोप करण्यापेक्षा बी थेट जागेवरच टोकावं, कारण मुळं दुखावली की वेल रुसतो. शेणखत किंवा कंपोस्ट मिसळलेल्या भुसभुशीत मातीत २ सेंमी खोल, एका ठिकाणी दोन-तीन बिया. उगवल्यावर जोमदार रोप ठेवून बाकीची उपटू नका, कात्रीने कापा. दोन वेलांत ३०-४५ सेंमी अंतर. जाळीवर चढवला तर काकड्या सरळ आणि स्वच्छ राहतात. ऊन दिवसाला किमान सहा तास.

सुरुवातीची फुलं गळली तर घाबरू नका, ती बहुतेक नर असतात. मादी फुलामागे करंगळीच्या टोकाएवढी इवलीशी काकडी दिसते. मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलात हलकेच टेकवा.

पाणी मात्र नियमित, तेही बुंध्याशी. ताण पडला की काकडी कडू होते. साधारण ५०-७० दिवसांत तोडणी सुरू होते. कोवळ्याच तोडत राहा. एखादी पिवळी होईपर्यंत राहिली तर वेल नवी फळं धरायला कंटाळतो.