पुंगळ्या कोण मोजणार?

हवालदारकाकांना विचारा

प्रश्न : काका, सिनेमात पहारेकरी अंधारात ‘हुकुमदार’ असं ओरडतो. हा हुकुमदार कोण? (एक वाचक, महाल)

उत्तर : कोणी नाही हो. इंग्रजांच्या फौजेतला पहारेकरी ‘हू कम्स देअर’ ओरडायचा, आपल्या शिपायांच्या तोंडी त्याचा हुकुमदार झाला. आम्हीही ‘थम, हुकुमदार’ असंच ओरडायचो. एकदा पहाटे पलीकडून उत्तर आलं, ‘नाही साहेब, मी दूधवाला.’

प्रश्न : काका, नमस्कार. मी एका थरारपटाची स्क्रिप्ट लिहितेय, सोबत पाठवली आहे. नऊ वर्षांच्या मुलीने खून होताना बघितलाय. सकाळी तिला नागपूरच्या कोर्टात साक्षीला आणायचंय. रात्री तिला रामटेकजवळच्या एका लहान पोलीस ठाण्यात ठेवलंय. आत पाच पोलीस, बाहेर चाळीस गुंड. लाईट जाते, फोन बंद पडतात, रात्रभर गोळीबार होतो. माझा मित्र म्हणतो, पाच जण चाळिसांपुढे अर्धा तासही टिकणार नाहीत. टिकतील का? आणि माझं काय चुकतंय? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : पोरी, बावन्न पानं आहेत तुझी. दुपारी कूलरसमोर बसलो तो पाच वाजताच उठलो, मधे चहासुद्धा विसरलो. म्हणजे गोष्ट धरून ठेवते. आता भांडतो.

ती मुलगी ठाण्यात आलीच कशी? पंधरा वर्षांखालच्या पोराला किंवा कुठल्याही बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच त्यांच्या घरी जायचं. आमच्या वेळी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 160 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या 179 मध्ये आहे. शिवाय जिवाला धोका असलेल्या साक्षीदारासाठी 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. अर्ज करायचा, धोका किती याचा पोलीस अहवाल देतात, जिल्हा न्यायाधीशांची समिती ठरवते, आणि मग राहण्याची जागा बदलणं, सोबत पोलीस देणं वगैरे होतं. तेव्हा अशी मुलगी कुठेतरी गुपचूप घरात असणार, तुरीच्या डाळीचं वरण खात. तुला ती ठाण्यातच हवी असेल तर असं कर : त्या घराचा पत्ता फुटला, रातोरात तिला तिथून काढलं, आणि वाटेत जवळचं ठाणं हेच होतं. पत्ता फोडला कोणी? संरक्षणाच्या त्या अर्जाला हात लागलेल्या कोणीतरी. बघ, तुझा खलनायक तुला फुकटात मिळाला. सध्याचा तुझा खलनायक नुसता सिगार ओढतो. रामटेकात सिगार कुठे मिळतो ते मलाही सांग.

दुसरं, फोन बंद पडले तरी ठाण्यात वायरलेस असतो आणि तो बॅटरीवर चालतो. रामटेक नागपूरहून पन्नास किलोमीटर. कंट्रोलला एक हाक गेली की तास-दीड तासात गाड्या दारात. तुझी गोष्ट पहाटेपर्यंत चालते, म्हणजे तो सेट कोणीतरी बिघडवला पाहिजे, आणि तो माणूस आतला पाहिजे. हे अकराव्या पानावर आण, चाळिसाव्यावर नको.

आता तुझा खरा प्रश्न. टिकतील. घोडखिंडीचं उदाहरण सगळेच देतात, मी गावातलं देतो. सीताबर्डीचा किल्ला 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला लोकांसाठी उघडतात, एकदा वर जाऊन ये. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817, त्या टेकडीवर इंग्रजांचे शिपाई दीड हजाराच्या आत, आणि खाली अप्पासाहेब भोसल्यांची फौज अठरा हजारांच्या आसपास. टिकले आणि जिंकलेसुद्धा. (त्या लढाईत आपण नागपूरकर गर्दीच्या बाजूला होतो, म्हणून शाळेत कोणी फार रंगवून शिकवत नाही.) पण तिथे टेकड्या दोन आहेत. भोसल्यांच्या अरबांनी धाकटी टेकडी घेतली आणि तिथूनच मोठीवर मारा सुरू केला, तेव्हा वरच्यांचे हाल झाले. ती धाकटी परत घेतली म्हणून ते वाचले. तुझ्या ठाण्याची धाकटी टेकडी कोणती? मागच्या आवारातली पाण्याची टाकी? तुझ्या स्क्रिप्टमध्ये चाळीस माणसं चारी बाजूंनी एकदमच येतात. तशी नसतात येत. आधी ती एक जागा घेतात.

पाच जण म्हणजे एकाच वेळी पाच जण, हीही समजूत काढून टाक. आमच्याकडे एक-चारची गार्ड म्हणतात, म्हणजे एक हवालदार आणि चार शिपाई. त्यात संत्री म्हणून उभा असतो एकच. बाकीच्यांतला एक झोपलेला, एक जेवतोय, एक आंघोळीला. पहिली गोळी झाडली जाते तेव्हा तुझा एक शिपाई बनियनवर असला पाहिजे.

आणि गोळ्या! तुझा हिरो एकाच दृश्यात शंभरेक झाडतो. मी नोकरीला लागलो तेव्हा हातात थ्री नॉट थ्री रायफल. मॅगझिनमध्ये दहा, दर गोळीला बोल्ट मागे-पुढे. माणशी पन्नास राउंड धर, पाचांत मिळून अडीचशे. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तास. भागाकार करून बघ, दोन मिनिटांना एक गोळी येते, तीही पाचांत मिळून! म्हणजे रात्रभराचा गोळीबार होत नाही. रात्रभर गोळी न झाडणं होतं. आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीची पितळी पुंगळी सकाळी कोतात, म्हणजे ठाण्याच्या शस्त्रांच्या खोलीत, जमा करावी लागते. एक कमी पडली तर गवतात बॅटरी घेऊन रांगत शोधायची, मी शोधली आहे. बाहेर चाळीस जण असताना तुझा म्हातारा हवालदार सवयीने पुंगळ्या उचलून खिशात टाकतोय, एवढं दाखव. मग त्याचा डायलॉग तिसऱ्या पानावरून काढून टाकला तरी चालेल. ‘सेव्हन सामुराई’ बघितला असशील. 1954 चा जपानी सिनेमा, चाळीस दरोडेखोर आणि सात रक्षणकर्ते. त्यातला म्हातारा कागदावर दरोडेखोरांचे गोल काढून ठेवतो आणि एकेक खोडत जातो. मोजदाद सुरू झाली की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. तुझी मुलगी. ती बावन्न पानांत दोनदा रडते आणि एकदा ‘मला भीती वाटते’ म्हणते, बाकी टेबलाखाली ठेवलेल्या गाठोड्यासारखी पडून असते. पोट्टं असं असतं का बाप्पा?

पंचवीसेक वर्षं झाली, थंडीचे दिवस. आम्ही चौघं एका सात वर्षांच्या मुलावर पहाऱ्याला होतो, एका रिकाम्या क्वार्टरमध्ये. कुठे, कशाची केस, ते राहू दे. आमची नावं त्याला सांगायची नाहीत असं ठरलं होतं, म्हणून त्याने आमचे बक्कल नंबर वाचून पाठ केले आणि रात्री साडेदोनला मला नंबरानेच हाक मारली. शू आली होती. संडास परसात, दारापासून वीस-बावीस पावलं. एकाने टॉर्च धरायचा, एकाने दारात थांबायचं, मी रायफल घेऊन त्याच्यासोबत, म्हणजे समोरच्या फाटकावर उरला एकच. एका पोराच्या शूसाठी अख्खी गार्ड हलली. तो म्हणाला, तुम्ही बघता म्हणून होत नाही. मी पाठ फिरवली. कुंपणापाशी कुत्रं भुंकलं आणि मग एकदम गप्प झालं. भुंकत असतं तर बरं वाटलं असतं.

झालं म्हणाला. मग म्हणाला, ‘नाडी बांधून द्या.’

नाडी एका हाताने बांधता येत नाही. मी रायफल भिंतीला टेकवली, खाली बसलो, आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांनी त्या पायजम्याची नाडी शोधायला लागलो. एक टोक आत गेलं होतं. ते नेफ्यातून ओढून काढून गाठ मारेपर्यंत वीस सेकंद लागली असतील. माझं तोंड त्याच्या पोटाकडे, पाठ कुंपणाकडे.

आमच्याकडे त्या रात्री कोणी आलं नाही. तुझ्याकडे चाळीस आहेत. त्यातला एक त्या वीस सेकंदांत कुंपणाशी आण, आणि नवी पानं मला पाठव.