ज्येष्ठांची फिजिओथेरपी : स्त्री-पुरुषांना एकच तक्ता चालेल का?

प्रश्न : आई आणि बाबा, दोघांचेही गुडघ्याचे सांधेरोपण झाले. बाह्यरुग्ण विभागात दोघांना व्यायामाचा एकच कागद मिळाला. हे योग्य आहे का?

उत्तर : व्यायाम तेच असणे चूक नाही, कारण मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणे आणि गुडघा पूर्ण सरळ करता येणे ही गरज दोघांचीही आहे. मात्र स्त्रिया बहुधा दुखणे बरेच वाढल्यावर, मांडीची ताकद अधिक घटल्यावर शस्त्रक्रियेला तयार होतात, त्यामुळे त्यांची सुरुवात खालच्या पायरीवरून होते. म्हणून त्यांना कायम हलकेच व्यायाम द्यावेत, असा अर्थ कृपया काढू नका. हा गैरसमज मला फार खटकतो, कारण भार टप्प्याटप्प्याने वाढवला तर सत्तरीतल्या स्त्रीचे स्नायूही बळकट होतात. आई घरी ओट्याशी किती वेळ उभ्या असतात, हे थेरपिस्टना अवश्य सांगा. ते उभे राहणे व्यायामाची जागा घेत नाही, उलट सूज वाढवून व्यायामाची उमेद घालवते. तेव्हा पहिले काही आठवडे स्वयंपाक घरातल्या इतरांनी सांभाळावा.

प्रश्न : हाताची पकड माझी 24 किलो आणि पत्नीची 20 किलो भरली, तरी ताकद कमी आहे असे मलाच सांगितले. असे का?

उत्तर : आशियाई ज्येष्ठांसाठीच्या 2019 च्या निकषांनुसार पुरुषांची पकड 28 किलोपेक्षा आणि स्त्रियांची 18 किलोपेक्षा कमी असल्यास ती कमी मानतात. याच निकषांत खुर्चीतून पाच वेळा उठण्या-बसण्याची मर्यादा मात्र दोघांनाही 12 सेकंदच आहे. तीही चाचणी करून घ्या.

प्रश्न : खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर सासूबाई थोडे दिवस व्यायामाला गेल्या, आता कारण न सांगता टाळतात. काय करावे?

उत्तर : सोबत कोण येणार, हा संकोच असू शकतो. पण उठताना किंवा खोकताना लघवी थेंब-थेंब गळते, हे कारण स्त्रिया वर्षानुवर्षे लपवतात. स्त्री थेरपिस्टने एकांतात, सरळ शब्दांत विचारावे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने यात बराच फरक पडतो. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही हाच त्रास होतो आणि तेही तो आपणहून सांगत नाहीत, म्हणून हा प्रश्न त्यांनाही विचारायला हवा.