मीटरवर जाऊ नका, बिलं मागा

प्रश्न : घरात आम्ही सात माणसं, त्यात आई-बाबांचे गुडघे दुखरे. २०१३ ची डिझेल इनोव्हा बघितली आहे. एजंट म्हणतो, ‘सिंगल हँड (म्हणजे एकाच मालकाची), एक लाख दहा हजार रनिंग, रुपयाचं काम नाही.’ गाडी भरवशाची आहे का, हे कसं ओळखायचं?
— एक वाचक, कराड

उत्तर : ‘रुपयाचं काम नाही’ हे वाक्य माझ्या गॅरेजात येणारा प्रत्येक एजंट म्हणतो, ते सोडून द्या. अडीच लिटरचं हे इंजिन चिवट आहे. वेळेवर ऑइल मिळालं तर तीन लाख किलोमीटर सहज काढतं. नेमका इथंच घोळ होतो. मीटर मागे फिरवलं तरी इंजिन चुगली करत नाही. चुगली करतात ती क्लच-ब्रेकच्या पेडलची रबरं, गुळगुळीत झालेलं स्टेअरिंग आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची दबलेली कड. लाखभर चाललेल्या गाडीची रबरं नवीकोरी दिसली, तर ती का बदलली ते विचारा.

दुसरं, या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. (२०१६ ला आलेल्या इनोव्हा क्रिस्टाला चेन आहे.) बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावंच लागतं. म्हणून बेल्ट बदलल्याचं बिल मागा. त्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात, म्हणजे मीटरची झडतीही होते. बिल नसेल तर बेल्टचा खर्च किमतीतून वजा करा.

गाडी सकाळी बघायला जा आणि ‘मी येईपर्यंत सेल मारू नका’ असं आधीच बजावा. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. गरम लागलं, तर चहा घेऊन परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन एका सेलमध्ये उठायला हवं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावर इंजिन चालू ठेवूनच ऑइलचं झाकण काढा. आतून भकाभका धूर आला तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या कडेनं दाब खाली गळतोय, इंजिन झिजलंय. मग कितीही स्वस्त असली तरी नको.

तुमच्या भागाने २०१९ चा पूर बघितलाय. सगळे सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून बघा, तळाच्या पट्ट्यावर गाळाचा डाग सापडतो. सीटखालचे रूळ गंजलेत का तेही बघा. कार्पेट धुता येतं, रूळ कोण धुणार?

ट्रायलला सातही जणांना घ्या. एसी लावून कुंभार्ली घाट चढवा, टेम्परेचरचा काटा मध्यावरून हलता कामा नये. आई-बाबांना मधल्या सीटवर चढ-उतार करायला लावा, या गाडीची पायरी उंच आहे.

‘सिंगल हँड’ गाडी आधी टुरिस्टला, म्हणजे भाड्याने चालवलेली असू शकते. पिवळी पाटी बदलून पांढरी करता येते. आरटीओतली जुनी नोंद तपासा, बँकेचा बोजा उतरलाय का तेही. आणि नंबर डीएल, म्हणजे दिल्लीचा असेल, तर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर दिल्लीत आलेल्या बंदीमुळे ती इकडे स्वस्तात आलेली असू शकते. तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स धरूनच भाव करा, आणि एनओसी हातात येईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका.