आउटबोर्डच्या खालच्या सिलिंडरमध्ये पाणी येतंय, पण कॉम्प्रेशन चांगलं आहे. पाणी येतं कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) पाण्यावर नीट चालतं, पण रात्रभर उभं राहिलं की सकाळी सुरू होत नाही. प्लग काढले की सगळ्यांत खालच्या सिलिंडरचा प्लग ओला निघतो, पेट्रोलने नाही, पाण्याने. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना तयार होणारा दाब, जवळपास सारखं आहे. हेड गॅस्केट (सिलिंडरचं झाकण, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) बदलून झालं, तरी पाणी येतंच. ब्लॉकला तडा गेला असेल का, आणि असेल तर इंजिन भंगारात काढायचं का?

एवढ्यात भंगाराचं नाव काढू नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय एक्झॉस्टच्या बाजूवर आहे, आणि तिथलं काम बहुतेक वेळा दुरुस्तीतलं असतं. पण शोध घेण्याआधी आत साचलेलं पाणी आजच्या आज बाहेर काढा. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरमधलं पाणी पोर्टांतून क्रँककेसमध्ये उतरतं. तिथे क्रँकशाफ्टची आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग असतात. खारं पाणी असेल तर त्यांच्यावर गंज चढायला फार वेळ लागत नाही. गळती कितीही लहान असली तरी इंजिन शेवटी मरतं ते या गंजाने.

मोटर सरळ उभी ठेवा, वर उचलू नका. बहुतेक आउटबोर्डांची हेड मागच्या बाजूला असतात. मोटर उचलली की प्लगची भोकं आकाशाकडे होतात आणि पाणी आतच राहतं. सुरक्षेची दोरी (ओढली की इंजिन बंद करणारी) काढून ठेवा, तिन्ही प्लग काढा, प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ करा, नाहीतर इग्निशनचा बॉक्स जाऊ शकतो. मग फ्लायव्हील हाताने, वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. उलट फिरवलं तर थंड करणारं पाणी ओढणाऱ्या पंपाच्या इम्पेलरची, म्हणजे रबरी चक्राची, पाती मुडपतात. प्लग लावलेले असताना स्टार्टर मारायचा नाही, हे फार महत्त्वाचं आहे. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्याच्यावर आपटतो आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. पाणी निघालं की प्रत्येक सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (गंजापासून वाचवणारं फवारा-तेल) किंवा टू-स्ट्रोकचं तेल घालून पुन्हा फिरवा. त्यानंतर शक्य तितक्या लवकर इंजिन सुरू करून चांगलं तापेपर्यंत चालवा, म्हणजे क्रँककेसमधला ओलावाही निघून जाईल.

आता कॉम्प्रेशनचं. चांगलं कॉम्प्रेशन म्हणजे इंजिन आतून कोरडं, असं पुष्कळ लोक धरून चालतात. टू-स्ट्रोकच्या बाबतीत हे बरोबर नाही. पिस्टन वर सरकताना आधी एक्झॉस्टचं पोर्ट झाकतो आणि मगच दाब तयार होतो. म्हणजे तुमचा कॉम्प्रेशन गेज फक्त पोर्टाच्या वरच्या भागाबद्दल बोलतो: रिंगा, सिलिंडरची वरची भिंत, हेड आणि हेड गॅस्केट. पोर्टाच्या पलीकडे, एक्झॉस्टच्या पोकळीत पाणी ठिबकत असेल तर त्याची गेजला गंधवार्ता नसते.

आणि तिथे पाणी अगदी शेजारीच असतं. बऱ्याच मोटरींत ब्लॉकच्या बाजूला एक्झॉस्टची दोन झाकणं असतात, एक आतलं, एक बाहेरचं, आणि दोघांच्या मधून थंड करणारं पाणी फिरतं. आतल्या झाकणाच्या एका अंगाला तापलेला धूर, दुसऱ्या अंगाला पाणी. ॲल्युमिनियमची ती पातळ पट्टी वर्षानुवर्षं असं सोसते आणि एक दिवस तिला टाचणीएवढं भोक पडतं, किंवा तिच्या गॅस्केटची एखादी कड खाऊन जाते. इंजिन चालू असताना धुराचा दाब पाण्याला बहुतांशी आत येऊ देत नाही. इंजिन बंद झालं की दाब संपतो, पोकळीतलं पाणी थेंब थेंब एक्झॉस्टमध्ये उतरतं, आणि ज्या सिलिंडरचा पिस्टन खाली थांबलाय, म्हणजे ज्याचं पोर्ट उघडं आहे, त्याच्यात शिरतं. खालचा सिलिंडर सर्वांत आधी भिजतो कारण पाणी तिकडेच उतरतं.

हे नुसतं माझ्या शब्दावर घेऊ नका, पुढची तपासणी करा. आधी विजेरी लावून प्लगच्या भोकातून तिन्ही पिस्टनचे माथे बघा. एंडोस्कोप कॅमेरा मिळाला तर फारच उत्तम. खालच्या पिस्टनचा माथा धुऊन काढल्यासारखा लख्ख असेल आणि बाकी दोघांवर काळा कार्बन असेल, तर पाणी इंजिन चालू असतानाही येतंय. वाफ कार्बन सोलून काढते. तसं असेल तर संशय पुन्हा हेड गॅस्केट, वाकलेलं हेड किंवा तड्याकडे जातो. तिन्ही माथे सारखेच काळे असतील तर पाणी बंद पडल्यानंतर येतंय.

मग मोटर बोटीवरून काढून स्टँडवर लावा, किंवा बोट ट्रेलरवर घ्या. वेगळ्या टाकीत ताजं पेट्रोल भरा. कानटोप्यांतून, म्हणजे पायावर बसवायच्या रबरी वाट्यांतून, नळाचं पाणी देऊन इंजिन न्यूट्रलमध्ये पंधरा-वीस मिनिटं चालवा. बंद करा, मोटर सरळच ठेवा आणि सकाळी प्लग काढा. या एका रात्रीत तीन प्रश्न सुटतात. पेट्रोल ताजं होतं, म्हणून इंधनातलं पाणी वगळलं गेलं. मोटरचा पाय हवेत होता, म्हणून खालून एक्झॉस्टवाटे चढणारं पाणीही वगळलं गेलं. तरी प्लग ओला निघाला तर गळती इंजिनाच्या आतच आहे, वादच नाही. प्लग कोरडा निघाला तर एक्झॉस्टची झाकणं खोलायची घाई करू नका, कारण मग पाणी बहुधा खालून येतंय.

खालून म्हणजे कसं? एक्झॉस्ट प्रोपेलरच्या मधून पाण्याखाली सुटतो, म्हणून त्या नळीत बंद इंजिनाच्या वेळी पाणी उभं असतंच. बोट जोरात असताना थ्रॉटल एकदम तोडला की मागून आलेली आपलीच लाट ट्रान्समवर (मोटर जिथे बसते त्या बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर) चढते आणि ते पाणी वर ढकललं जातं. जोरात रिव्हर्स घेतानाही हेच होतं. मोटर फार खाली बसवली असेल, किंवा मागच्या बाजूला माणसं, टाक्या, बॅटरी असं सगळं ओझं असेल, तर थोड्या लाटेनेही पुरतं. ट्रान्समची उंची आणि मोटरच्या पायाची लांबी जुळते का ते मोजा. पाय साधारण 15, 20 किंवा 25 इंचांचे येतात, आणि प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या जवळपास रेषेत यायला हवी. आणखी एक सवय: धक्क्याला लागल्या लागल्या मोटर वर उचलू नका. पाय वर गेला की एक्झॉस्टमधलं उरलंसुरलं पाणी उलट इंजिनाकडे वाहू शकतं. ठिबकणं थांबेपर्यंत सरळ ठेवा, मग उचला.

इंधनाचा संशय तुमच्या बाबतीत मला कमी वाटतो, कारण तसं असतं तर इंजिन चालताना अडखळलं असतं. तरी खालच्या कार्ब्युरेटरचा बाउल काचेच्या बाटलीत रिकामा करून दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आधी पाणी पोटात घेतं आणि प्रमाण वाढलं की सोडून देतं, म्हणून जुन्या टाकीच्या तळाशीही बघा. कव्हरखाली पिचकारीची, म्हणजे थंड करणारं पाणी फिरतंय हे दाखवायला बाहेर धार सोडणारी, बारीक नळी फुटून तिचे तुषार कार्ब्युरेटरच्या तोंडाशी उडत नाहीत ना, तेही इंजिन चालू असताना एकदा पाहा. दोन मिनिटांचं काम आहे आणि लोक ते हमखास विसरतात.

समजा स्टँडवर प्लग ओला निघाला. आता एक्झॉस्टची झाकणं. इथे घाई म्हणजे तुटलेले बोल्ट. खाऱ्या पाण्यातल्या मोटरचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये धरून बसलेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारा, दुसऱ्या दिवशी बोल्टभोवतीची जागा गरम करा, थोडा आवळा, थोडा सोडा, पुन्हा आवळा. ज्योत वापरण्याआधी पेट्रोलच्या नळ्या आणि टाकी दूर न्या. बोल्ट करकरतोय पण हलत नाही असं वाटलं की थांबा आणि पुन्हा उष्णता द्या. एक बोल्ट तुटला तर ते काढायला अख्ख्या दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ जातो.

आतली पट्टी निघाली की उजेडासमोर धरून भोकं शोधा, आणि ब्लॉकच्या कडेवर पांढरी भुकटी धरलेले खड्डे आहेत का ते बघा. पट्टी खाल्ली असेल तर बदला, तिच्यावर सीलंट थापून भागत नाही. ब्लॉकच्या कडेवरचे उथळ खड्डे ॲल्युमिनियम इपॉक्सीने भरून सपाट घासता येतात. दोन्ही गॅस्केटं नवीन लावा आणि बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळा.

हेड गॅस्केट बदलताना हेड सपाट आहे का हे तपासलं होतं का? सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) घाला. साधारण 0.1 मि.मी.पेक्षा जास्त फट असेल तर नवं गॅस्केटही गळतंच. आणि हेड वाकलं असेल तर इंजिन कधीतरी तापलंय. थर्मोस्टॅट आणि इम्पेलर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर पुन्हा तेच होईल.

तड्याची शंका सगळ्यांत शेवटी घ्यायची. त्यासाठी पाण्याच्या वाटा बंद करून त्यांत हवेचा थोडा दाब भरतात आणि तो उतरतो का ते साबणाच्या पाण्याने शोधतात. हे काम पट्ट्या आणि जोडण्या असलेल्या वर्कशॉपकडून करून घ्या.

सगळं जोडून झालं की स्टँडवरची तीच रात्रीची परीक्षा पुन्हा घ्या, मगच पाण्यात उतरा. आतली पट्टी निघाली की दोन्ही बाजूंचा फोटो इथे टाका, ब्लॉकच्या कडेचाही. पिस्टनचे माथे कसे दिसले तेही लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.