सायकल काढा, लांब जायची गरज नाहीये: तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात घराच्या आसपास सायकलवर रमतगमत फिरण्याबद्दल थोडं लिहिलं होतं आणि त्यावर इतकी पत्रं आलीयेत की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यांचा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे अशी काही निवडली. नावं मुद्दाम छापत नाहीये.

प्रश्न: ताई, घराजवळच फिरा म्हणालात, पण आमच्या इथे ना डोंगर ना समुद्र. सगळे रस्ते पाठ झालेत. निसर्ग बघायचा तर गाडीवर सायकल लादून लांब जावं लागतं, ते दर आठवड्याला जमत नाही, मग सायकल तशीच उभी राहते.

सगळे रस्ते पाठ झालेत असं वाटतं खरं, पण एकदा हिशोब करून बघा. घर मधोमध धरून 10 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर आत साधारण 314 चौरस किलोमीटर जागा येते. एवढ्यातलं आपण बघितलेलं असतं किती, तर कामाचा रस्ता, बाजाराचा रस्ता, शाळेचा रस्ता, आणि हे तिन्ही मोठेच रस्ते कारण गाडीला लवकर पोचायचं असतं. सायकलला नेमके ते सोडून बाकीचे रस्ते हवे असतात.

ते शोधायला मी ओपनस्ट्रीटमॅप बघते. 2004 मध्ये सुरू झालेला हा नकाशा लोकच भरतात, त्यामुळे कुणीतरी चालून आलेल्या पायवाटा, कच्चे रस्ते, छोटे पूल असं बरंच काही त्यात सापडतं. आधी पाणी शोधा. कालवा, नदीकाठ, तळं काहीही. पाणी आपोआप वाहत राहावं म्हणून कालव्याला उतार अगदी थोडा दिलेला असतो, त्यामुळे त्याच्या कडेने जाणारा रस्ता जवळजवळ सपाट मिळतो आणि शिवाय पाण्याजवळ पक्षी असतातच. रेल्वेचंही तसंच, लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर पकड कमी म्हणून रूळ फार चढत नाहीत, त्यामुळे रुळांच्या बाजूने जाणारा रस्ता असेल तर तोही बहुतेक सोपा असतो. कालव्याकडेचा रस्ता सगळीकडे लोकांना खुला नसतो, बोर्ड असेल तर वाचा आणि मागे फिरा. चढउतार दाखवणाऱ्या नकाशात त्या वळणावळणाच्या समोच्च रेषा असतात ना, त्या दाटीवाटीने आल्या की समजायचं इथे दमछाक आहे.

आणि जुन्याच रस्त्याबद्दल सांगू का, तो उलटा करा. माझा एक 14 किलोमीटरचा फेरा आहे, कितीतरी वर्षं मी तो एकाच बाजूने करत होते. एकदा सुरुवातीलाच रस्ता खोदलेला निघाला म्हणून दुसऱ्या टोकाने शिरले आणि मला कळेचना मी कुठे आहे, कारण इतके दिवस जे पाठीमागे राहत होतं ते सगळं समोरून येत होतं, एका वळणावर तर तळ्याचा पूर्ण पट्टा दिसला जो मी कधीही बघितलेला नव्हता. एवढी वर्षं तो माझ्या पाठीमागेच होता!

वेळही बदलून बघा. सूर्य खाली असताना उजेड तिरपा येतो, सावल्या लांब पडतात, जमिनीचा प्रत्येक उंचसखलपणा दिसतो, दुपारी तीच जागा एकदम चपटी वाटते. आणि थांबा हो. ताशी 12-15 च्या वेगाने गेलात तर 10 किलोमीटरला पाऊण तास पुरतो, म्हणजे दोन तास काढले असतील तर निम्म्याहून जास्त वेळ नुसता थांबायला आहे. खरं फिरणं त्यातच असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: जाताना असं वाटतं आज काय मस्त पाय चाललेत, येताना मात्र जीव मेटाकुटीला येतो. माझा स्टॅमिना कमी आहे का?

स्टॅमिना नाही, वारा! पाठीवरून येणारा वारा कळतच नाही, ही त्याची गंमत आहे. समजा तुम्ही ताशी 15 ने चाललात आणि पाठीमागून वाराही 15 चाच आहे, तर अंगाला वारा शून्य लागतो, आपल्याला वाटतं हवा पडलीये आणि आपण दमदार झालोय. परत फिरलात की तोच वारा समोरून, तुमचे 15 अधिक त्याचे 15, म्हणजे 30. आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट वाऱ्याला जोर चौपट लागतो. पाय गळून गेले तर नवल काय.

म्हणून निघण्याआधी झाडाचा शेंडा बघा, कुठे झेंडा फडकत असेल तो बघा, आणि ताजे पाय असतानाच वाऱ्याच्या तोंडावर जा. येताना तो ढकलत घरी आणून सोडतो. शक्यतो पहाटे निघा कारण ऊन वाढलं, जमीन तापली की हवा वरखाली ढवळली जाते आणि वारा जोर धरतो, सकाळी त्या मानाने शांत असतं. समोरून वारा असेल तेव्हा वेगाचा नाद सोडायचा, गियर हलका करायचा, कोपरं थोडी वाकवायची आणि मनात ठरवायचं की आता हळूच जायचंय. मग त्रास निम्मा होतो.

प्रश्न: पाचसहा किलोमीटर झाले की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, हाताची करंगळी बधिर होते. सीट वर करायची भीती वाटते कारण पाय टेकले पाहिजेत ना.

तुमची सीट खाली आहे, हे न बघता सांगते. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत हे शिकतानाचं माप झालं, चालवायचं नाही. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल एकदम खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चालवताना चवड्याने पायडल मारलंत की गुडघ्यात हवा तेवढा थोडासा बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा, दोन दिवसात सवय होते. एकदम वर करू नका, अर्धा अर्धा सेंटिमीटर करत जा. सर्वसाधारणपणे गुडघा पुढून दुखला तर सीट जास्त खाली आहे आणि मागून दुखला तर जास्त वर आहे असं समजा, पण आठवडाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवाच.

दुसरं म्हणजे जड गियर टाकून जोर लावत असाल तर ते बंद करा. हलका गियर आणि मिनिटाला 60 ते 80 फेरे, पाय फिरत राहिले पाहिजेत, ढकलत राहायला नको. करंगळी बधिर होते कारण तळहाताच्या त्या बाजूने जाणारी नस हँडलवर दाबली जाते. हँडल थोडं वर घ्या, मनगट सरळ ठेवा, हात अधूनमधून हलवा आणि सीटचं टोक खाली झुकलेलं नाही ना ते बघा, झुकलं असेल तर सगळं अंग पुढे घसरून हातांवर येतं.

प्रश्न: रस्त्यात पंक्चर झालं तर? त्या भीतीने लांब जात नाही.

एक जादाची ट्यूब, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर आणि छोटा पंप, एवढं सीटखालच्या पिशवीत ठेवा आणि घरी एकदा निवांत बसून ट्यूब बदलून बघा, मग भीती जाते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जपून हात फिरवून काटा किंवा काच शोधून काढायची, हे विसरलं की नवी पण बसते. आणि दर आठवड्याला हवा तपासा, पंक्चर नसलं तरी ट्यूबमधली हवा हळूहळू कमी होतेच आणि कमी हवेत खड्डा बसला की ट्यूब रिमवर चिमटून दोन भोकं पडतात. किती हवा मारायची ते टायरच्या बाजूलाच लिहिलेलं असतं.

प्रश्न: मी 46 वर्षांची आहे, लहानपणी सायकल शिकायची राहून गेली. आता हसतील लोक. या वयात येईल का?

येईल. नक्की येईल. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मनापासून सांगते, लोकांचं मनावर घेऊ नका.

कुणीतरी मागे धरून पळतंय ही पद्धत मोठ्यांना उपयोगाची नाही. दोन्ही पायडल काढून टाका (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं), सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय सपाट टेकतील, आणि मोकळ्या सपाट जागेत पायांनी ढकलत ढकलत पुढे जा. सायकलचा जन्मच असा झालाय, 1817 मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी जी दोन चाकांची गाडी चालवली तिला पायडल नव्हतीच, लोक जमिनीला पाय मारत जायचे. आधी तोल सापडला, पायडल नंतर आली, तुम्हीही त्याच क्रमाने जा. नजर लांब ठेवा, चाकाकडे बघू नका. ज्या बाजूला पडतोय असं वाटेल त्याच बाजूला हँडल हलकं वळवायचं, विचित्र वाटतं पण सायकल त्यानेच सावरते. पाय उचलून आठदहा सेकंद तरंगता आलं की पायडल लावा. ब्रेक मात्र पहिल्या दिवसापासून वापरायला शिका, दोन्ही एकत्र, हळूहळू दाबत. जमलं की मला कळवा, वाट बघतेय.

प्रश्न: मुलं 5 आणि 9 वर्षांची आहेत. त्यांना घेऊन पूर्ण दिवस बाहेर काढायचाय, किती अंतर धरावं?

अंतर धरूच नका, जागा धरा. 9 वर्षांचं मूल 10 किलोमीटर जाईल, 5 वर्षांचं तीनचार किलोमीटरनंतर रस्त्यात बसेल, आणि दोघांनाही अंतराशी काही देणंघेणं नसतं, त्यांना ओढा हवा असतो, चढायला झाड हवं असतं, दगड गोळा करायचे असतात. तीन किलोमीटरवर अशी एक जागा असेल तर दिवस भरला. धाकट्याला कंटाळा यायच्या आधी परत फिरा, आल्यावर नाही, कारण तितकंच परत यायचं असतं.

वाढतं वय आहे म्हणून मोठी सायकल घेऊ नका, पाय टेकत नाहीत आणि ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत अशा सायकलवर मूल घाबरून शिकतं. हेल्मेट कपाळावर सपाट, भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली व्ही आकारात. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला, आतला फोम एकदा दबला की परत येत नाही. रस्त्यावर मुलं पुढे आणि मोठं माणूस त्यांच्या मागे, थोडं वाहनांच्या बाजूला. गाडी किती वेगाने येतेय याचा अंदाज त्या वयात नीट येत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना खाली उतरून चालत, यात तडजोड नाही.

आकाशाकडे लक्ष असू द्या. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या इमारतीत जा, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

प्रश्न: आम्ही दोघं बरोबर निघतो, पण हे पुढे निघून जातात. वळणावर थांबलेले असतात, मी पोचले की लगेच निघतात. अॅपवर सरासरी वेग बघतात. मला तळ्यापाशी बसायचं असतं. भांडायचं नाहीये, पण आता मी नाही म्हणायला लागलेय.

हे पत्र एकट्या तुमचं नाहीये, अशी बरीच आलीत. यात एक गोष्ट त्यांच्या लक्षातच येत नसणार, ती म्हणजे ते वळणावर थांबतात तेव्हा त्यांची विश्रांती झालेली असते आणि तुम्ही पोचता तेव्हा ती संपते. म्हणजे जो जास्त दमतो त्यालाच विश्रांती नाही. हे त्यांना असंच, याच शब्दांत सांगून बघा, रागावून नाही, घरी शांत असताना.

मग असं करा. हळू चालवणारा पुढे, वेगवान मागे. मागच्याला पुढच्याचा वेग आपोआप धरावा लागतो. वेग असा हवा की दोघांना पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि हे बोलत बोलत फिरणं त्यात नीट बसतं, तेव्हा व्यायाम होत नाही ही तक्रार त्यांना करता येणार नाही. त्यांना जोरात हाणायची हौस असेल तर ती असू दे, वाईट नाहीये, त्यासाठी त्यांनी आठवड्यातली एक सकाळ एकट्याने घ्यावी, अॅप तेव्हा लावावं. तुमच्या दोघांच्या दिवशी फोन पिशवीत. आणि पुढच्या वेळी तुम्ही पुढे राहा, तळं आलं की न विचारता सायकल स्टँडला लावा आणि बसा. ते मागूनच येतायत.